बीजप्रक्रियेची पीपीटी करताना

मी लातूर जिल्ह्यात सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) आहे. मे महिना लागला की आमच्या गावोगाव खरीपपूर्व सभा सुरू होतात. सोयाबीनची उगवण चाचणी (शंभरातले किती दाणे उगवतात ते बघणे) आणि बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषधे व जिवाणू चोळणे) आजवर मी तोंडीच समजावत आले, सोबत ओले गोणपाट आणि मूठभर बियाणे घेऊन. गेल्या वर्षी एका गावात ग्रामपंचायतीने प्रोजेक्टर घेतला आणि सरपंच म्हणाले, "ताई, औंदा पडद्यावर दाखवा." एमएस-सीआयटी नोकरीसाठी केली होती, पण त्यानंतर पॉवरपॉइंट उघडायची वेळ आली नव्हती.

एका सहकाऱ्याने पेन ड्राइव्हवर जुनी फाइल दिली. ती माझ्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. मजकूर युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता. शेवटी २२ स्लाइड मंगल फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केल्या. मराठीत पीपीटी करणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की पहिल्या अक्षरापासून युनिकोडच वापरा. वेगळा फॉन्ट हवाच असेल, तर ऑप्शन्समध्ये सेव्हखाली 'एम्बेड फॉन्ट्स' ही खूण करा, म्हणजे फॉन्ट फाइलसोबत जातो. काही फॉन्टना तशी परवानगी नसते, म्हणून दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघावेच.

माझी भाची सुट्टीला आली होती. तिने फाइल बघितली आणि पहिला प्रश्न केला, "मावशी, प्रत्येक पानावर टेक्स्ट बॉक्स का काढलेस? लेआउटमधली चौकट आहे ना!" नवी स्लाइड घेतली की 'क्लिक टू अॅड टायटल' लिहिलेली तुटक रेषांची चौकट दिसते, ती मी दर वेळी पुसून टाकत होते. तिला प्लेसहोल्डर म्हणतात. आपण वरून काढलेला टेक्स्ट बॉक्स सुटा असतो. प्लेसहोल्डर मात्र लेआउटशी (स्लाइडच्या तयार मांडणीशी) बांधलेला असतो आणि सगळे लेआउट स्लाइड मास्टरशी, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्याशी. व्ह्यूमध्ये जाऊन मास्टर उघडायचा, तिथे शीर्षकाचा आकार ३२ वरून ४४ केला की सगळ्या स्लाइडची शीर्षके एका दमात मोठी होतात. माझी मात्र एकही हलली नाही, कारण ती सगळी सुट्या डब्यांत होती. मग दोन संध्याकाळी बसून मजकूर प्लेसहोल्डरमध्ये हलवला. आता मागच्या ओळीतल्या आजोबांना दिसत नाही असे कुणी म्हटले, तर दोन मिनिटांचे काम. मला विचाराल तर या सॉफ्टवेअरमधली सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट मास्टर हीच. थीम, रंग, चित्रे नंतर.

(पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आले तेव्हा त्यातून काळी-पांढरी पाने निघत आणि ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर घ्यायची. कृषी महाविद्यालयात आमचे सर तशाच पारदर्शिका एकेक करून सरकवत, ते आठवले.)

ट्रान्झिशन आणि अॅनिमेशन यांत माझी फार गल्लत होई. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना जे होते ते ट्रान्झिशन. एकाच स्लाइडवरच्या वस्तू कशा आणि कधी येतील ते अॅनिमेशन. ट्रान्झिशन मी सगळी काढून टाकली. अॅनिमेशनची गरज होती ती बीजप्रक्रियेच्या क्रमासाठी. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, रायझोबियम-पीएसबीचे जिवाणू (पिकाला नत्र आणि स्फुरद मिळवून देणारे, गावात त्यांना 'कल्चर' म्हणतात). जिवाणू जिवंत असतात, त्यांच्यावर नंतर औषध चोळले की मरतात. म्हणून तीन चौकटी एकेका क्लिकवर आणायच्या ठरवल्या.

पहिल्या गावात ती स्लाइड आली, मी क्लिक केले आणि पडद्यावर सर्वांत आधी जिवाणूंची चौकट आली. पुढच्या बाकावरून लगेच प्रश्न: "ताई, कल्चर आधी लावायचं का मग?" माझ्या पोटात गोळा आला. दर सभेत मी क्रम चुकवू नका म्हणून घसा कोरडा करते आणि पडदाच उलटे सांगत होता. तिथेच थांबून, उभ्याने, बोटे मोजत क्रम तीनदा सांगितला.

घरी आल्यावर कारण कळले. चौकटी पडद्यावर डावीकडून उजवीकडे बरोबर होत्या, पण अॅनिमेशन आपण ज्या क्रमाने लावतो त्याच क्रमाने चालते. मी आधी तिसऱ्या चौकटीला लावून बघितले होते. 'अॅनिमेशन पेन' ही बाजूची चौकट उघडली की ही यादी उजवीकडे दिसते, ओढून वर-खाली करता येते. 'ऑन क्लिक' म्हणजे आपण क्लिक केल्यावर, 'विथ प्रीव्हियस' म्हणजे आधीच्यासोबत, 'आफ्टर प्रीव्हियस' म्हणजे आधीचे संपल्यावर आपोआप. तिन्ही 'ऑन क्लिक' ठेवल्या. आता सभेआधी एफ ५ दाबून पूर्ण शो एकदा चालवल्याशिवाय मी घर सोडत नाही.

दुसऱ्या गावात प्रेझेंटर व्ह्यू (बोलणाऱ्यासाठीचा वेगळा पडदा) वापरला. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडले की पडद्यावर फक्त स्लाइड दिसते आणि लॅपटॉपवर पुढची स्लाइड व माझ्या नोट्स. त्यामुळे स्लाइडवर मजकूर कमी ठेवता आला: "१०० दाणे, ओले गोणपाट, सावली" एवढेच. आणि एक बटण फार कामाचे निघाले, बी. शो चालू असताना ते दाबले की पडदा काळा होतो. मी पडदा काळा केला, खरे गोणपाट उलगडले आणि सगळे पुढे सरकून मोड आलेले दाणे मोजायला लागले. पुन्हा बी दाबले की स्लाइड जिथल्या तिथे.

शेवटी हँडआउट. प्रिंट करताना पानावर तीन स्लाइड निवडल्या की शेजारी लिहायला रेघा येतात. उगवण ७० टक्के किंवा जास्त असली तर हेक्टरी ७५ किलो बियाणे, कमी असली तर प्रमाण वाढवायचे, ही स्लाइड त्यात होतीच. आठ-दहा दिवसांनी त्याच गावात गेले तर एका काकूंनी घडी केलेला तो कागद पदरातून काढला. शेजारच्या रेघेवर पेन्सिलीने लिहिले होते: "घरचं बी ७८. विकतचं ६४." विकतच्या पिशवीची पावती त्यांनी कागदाच्या मागे टाचून ठेवली होती.