बारा पक्षी, अकरा डोळे

चौकटीच्या वहीत काढला तेव्हा माझा पक्षी चांगला ताठ उभा होता. मान उंच, छाती पुढे, शेपटी मागे लांब. तोच लोकरीत उतरला आणि मटकन खाली बसला. लेकीने विणलेला तुकडा हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं, "आई, ही किटली आहे का?"

किटली नव्हती, पण तिचंही काही चुकलं नव्हतं. वहीतली घरं चौरस असतात, विणीतला टाका चौरस नसतो. त्या तुकड्यावर पट्टी ठेवून मोजलं, तर दहा सेंटिमीटर रुंदीत ३२ टाके आणि तेवढ्याच उंचीत ४० ओळी. म्हणजे टाका आडवा जास्त, उभा कमी. सोळा घरं रुंद आणि सोळा घरं उंच असा काढलेला पक्षी विणल्यावर पाच सेंटिमीटर रुंद झाला आणि चारच उंच. दोन रंगांनी विणताना फरक एवढा. साध्या एकरंगी सुलट विणीत तो याहूनही जास्त पडतो. मग मी रुंदी तीच ठेवून उंची वीस घरांवर नेली. वहीत आता तो पक्षी कमालीचा लंबू दिसायला लागला. वहीत बगळा काढावा तेव्हा मोज्यावर चिमणी उतरते, एवढं त्या दिवशी कळलं.

स्वतःच्या नक्षीचे मोजे विणायचे, ही कल्पना डोक्यात आली तेव्हा मला वाटलं होतं की अवघड भाग चित्राचा असेल आणि बाकी सगळा नुसता हात चालवण्याचा. झालं उलटंच. चित्र एका संध्याकाळी झालं. त्यानंतरचे कित्येक दिवस मी भागाकार करत होते.

त्याचं असं आहे. माझ्या पावलाचा घेर २२ सेंटिमीटर. मोजा पायाच्या मापाचा विणला तर तो ढगळ होतो आणि चालताना टाचेखाली गोळा होतो, म्हणून तो घेरापेक्षा दहाएक टक्के कमीच विणायचा आणि ताणून बसू द्यायचा. वीस सेंटिमीटर, म्हणजे ६४ टाके. चौसष्ट आकडा आला तेव्हा मी खूशच झाले. चौसष्ट कला, बुद्धिबळाची चौसष्ट घरं, आणि अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर थेट एकापर्यंत कुठेही न अडखळता उतरणारी संख्या. विणणाऱ्याला अशा संख्येचं फार प्रेम असतं, कारण टाचेसाठी निम्मे टाके वेगळे काढायचे असतात आणि चवड्याशी पुन्हा निम्मे.

पण माझा पक्षी सोळा टाक्यांचा, त्याच्यापुढे दोन टाके मोकळे, असा अठराचा होता. अठरा त्रिक चोपन्न. उरले दहा. दहा टाक्यांत पक्ष्याचं डोकं आणि छाती बसते, बाकीचा पक्षी बसत नाही. शालीवर किंवा मफलरवर असं काही उरलं की कडेला सारता येतं. मोज्याला कडाच नसते. तो गोल फिरत जातो आणि जिथून निघाला तिथेच येतो. उरलेले दहा टाके दडवायला तिथे कोपरा नसतो. शेवटी मी शेपटी दोन घरांनी छाटली. चौदाचा पक्षी, दोन मोकळे, सोळा चोक चौसष्ट. आखूड शेपटीचा पक्षी जरा बावळट दिसत होता, पण हिशेब बसला होता.

विणायला सुरुवात केली. दोन्ही टोकांना अणकुची असलेल्या पाच सुया, चारांवर सोळा-सोळा टाके आणि पाचवी विणायला. गडद निळा आणि पांढरा. वरची उलट-सुलट पट्टी, मग पक्ष्यांची पहिली रांग, मग दुसरी. हात बसला, वेग आला. घोट्यापर्यंत पोचले आणि म्हटलं, जरा घालून तर पाहू. चवडा गेला, पाऊल गेलं, आणि टाच अडकली. ओढलं, वळवलं, उभी राहून ओढलं. टाच काही आत जाईना.

टाचेपासून पावलाच्या उंचवट्यापर्यंतचा तिरका घेर हा पावलाच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो, आणि मोजा कितीही नेटका असला तरी पाय त्या वाटेनेच आत जातो. साधी एकरंगी वीण तिथे समजूतदारपणे ताणते, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक सैल वेटोळं असतं. ओढलं की ते उंचीचं थोडं रुंदीला देतं. दोन रंगांच्या विणीत मात्र निळा टाका विणला जात असताना पांढरा धागा मागून नुसता सरळ जात असतो. त्याच्यात वेटोळं नाही, म्हणून द्यायलाही काही नाही. तो दोरीसारखा ताठ होतो आणि त्याच्याबरोबर अख्खा मोजा अडून बसतो. उपाय आहेत. रंग बदलण्याआधी सुईवरचे टाके पसरून घ्यावेत, म्हणजे मागचा धागा आखूड पडत नाही. किंवा मोजा उलटा धरून, आतली बाजू बाहेर ठेवून विणावा. मग मागचे धागे बाहेरच्या, म्हणजे थोड्या मोठ्या फेऱ्याने जातात. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी फक्त एवढंच समजलं की हे उसवायचं आहे.

उसवण्याबद्दल लोक उगीच हळहळतात. मला ते तितकंसं वाईट वाटत नाही. एक टोक सोडलं की फेऱ्यामागून फेरा सरसर सुटत जातो, आणि जे विणायला आठवडा लागला ते दहा मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन मांडीवर बसतं. फक्त धागा आता सरळ नसतो, टाक्यांची कुरळी आठवण त्याच्यात राहते. ओला करून वाळवला की तीही जाते. खरं दुखतं ते टाके पुन्हा मोजताना. पहिले पाढे पंचावन्न, माझ्या बाबतीत चौसष्ट.

या वेळी ७२ टाके घातले. आणि अठरा चोक बहात्तर! घेर वाढला तसा पक्ष्याला त्याचा पूर्ण संसार परत मिळाला. छाटलेली शेपटी मी वहीत खोडरबराने पुसली होती, तिच्या खुणा कागदावर अजून होत्या. त्यांच्यावरूनच पेन्सिल फिरवली. एवढ्या लहान गोष्टीने माणसाला किती आनंद व्हावा याला काही सुमार नाही.

पुढची अडचण वेगळीच. वरून खाली मोजा विणताना नक्षी ज्या क्रमाने विणली जाते, त्याच्या उलट क्रमाने ती पायावर दिसते. सरळ वहीतला तळ धरून विणत गेले असते तर सगळे पक्षी माझ्या पोटरीवर वटवाघळासारखे लटकले असते. म्हणून वही उलटी धरायची. पण वही उलटी धरल्यावर मनात आलं की सरळ म्हणजे कुणासाठी सरळ? समोरून येणाऱ्यासाठी, की वरून वाकून स्वतःच्या पायाकडे पाहणाऱ्या माझ्यासाठी? पोटरीवर काही वाद नाही, तिथे पक्षी उभे राहिले की झालं. पावलाच्या वरच्या बाजूला मात्र एकाला सरळ ते दुसऱ्याला उलटं. मी बराच वेळ स्वतःच्या अनवाणी पावलांकडे बघत बसले आणि ठरवलं, पावलावरचे पक्षी माझ्याकडे तोंड करून उभे राहतील. समोरच्याला तशीही बुटाची नाडीच दिसणार आहे.

पक्ष्यांना कुठे वळवायचं यावरही अर्धी वही भरली. सगळे एकाच दिशेला, एक आड एक समोरासमोर, खालच्या रांगेत पाण्यातल्या सावलीसारखे उलटे. एका पट्टीवर पुन्हापुन्हा येणारी नक्षी हवी तशी फिरवा, उलटवा, सरकवा. गणिताने पाहिलं तर तिच्या सममितीचे सातच प्रकार होतात. आठवा निघत नाही. हे वाचल्यावर मी दोन दिवस आठवा काढायचा प्रयत्न केला, हेही सांगून टाकते. शेवटी साधंच ठरलं. डाव्या मोज्यावरचे पक्षी उजवीकडे पाहणार, उजव्यावरचे डावीकडे. पाय जुळवून बसलं की दोन्ही थवे समोरासमोर.

आणि निळा-पांढरा ही निवड मी अगदी स्वतःची समजत होते. मग एकदा संग्रहालयांतल्या जुन्या मोज्यांची चित्रं पाहिली. मध्ययुगात इजिप्तमध्ये विणलेले सुती मोजे, निळे आणि पांढरे, पट्ट्यापट्ट्यांनी नक्षी, काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाची. आजच्यासारखेच गोल विणलेले. म्हणजे कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी असंच बोटांवर पुटपुटत मोजलं असणार की नक्षी घेरात पुरी बसते की नाही. त्याच्याही आधीचे, पावलाचा अंगठा वेगळा असलेले मोजे तिथे सापडले आहेत, पण ते एकाच सुईने, गाठींसारख्या टाक्यांनी केलेले. दिसायला आपल्या विणीचे चुलतभाऊ. पुढे १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने पायमोजे विणणारं यंत्र काढलं. तेव्हापासून हाताने मोजे विणण्याची निकड हळूहळू कमी होत गेली. माझ्या एका मोज्यात बाराएक हजार टाके आहेत, फेऱ्यांवरून काढलेला हिशेब. यंत्र ते किती वेळात उरकतं हे मी मुद्दामच शोधलेलं नाही.

टाचेबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. नळीसारखा गोल उतरत आलेला मोजा टाचेशी येऊन चक्क वळतो. त्यासाठी निम्मे, म्हणजे ३६ टाके बाजूला घेऊन त्यांचीच सपाट पट्टी विणायची, ३६ ओळींची. मग मधल्या टाक्यांवर पुढे-मागे असं अर्ध्यातून वळत विणायचं, दर वेळी एक टाका पुढे जाऊन दोन टाके एक करायचे. विणताना यात काही होतंय असं वाटत नाही. सोळा ओळी नुसत्या आज्ञाधारकपणे करत राहायच्या, आणि अचानक हातात वाटी असते. सपाट कापडाला कुठेही कात्री, शिवण न लावता कोपरा फुटलेला असतो. इतके मोजे केले, पण त्या वाटीत अंगठा घालून पाहिल्याशिवाय माझ्याने पुढचा टाका विणवत नाही. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांतून अठरा-अठरा टाके उचलायचे, सुयांवर ९२ होतात, आणि ते एक आड एक फेऱ्यात दोन-दोन कमी करत पुन्हा ७२ वर आणायचे. या उतारावर पक्षी बसवायला जाऊ नये. दर खेपेला कुणाची तरी चोच नाहीतर पाय कापला जातो. तिथे मी एकाआड एक ठिपके टाकले, आणि तळव्यालाही तेच.

ठिपक्यांचं आणखी एक बरं असतं, आत लांब धागे सुटत नाहीत. पक्ष्याच्या पोटात सलग नऊ टाके निळे आहेत, तेवढा वेळ पांढरा धागा आतून मोकळा धावतो. पोटरीवर चालतं, पण पावलावरच्या पहिल्याच पक्ष्याच्या मागे माझी करंगळी अशी काही अडकली की मी एका पायावर खोलीभर उड्या मारल्या. तेव्हापासून दर चार-पाच टाक्यांनी मागचा धागा पुढच्याला एक वेढा देऊन पकडून घेते. बाहेरून तो दिसत नाही. बाहेरून बघणारा नक्षीबद्दल बोलतो, पाय मात्र आयुष्यभर आतल्या बाजूशीच बोलत असतो.

पहिला मोजा पूर्ण झाला. चवडा मिटवला, टोकं आत ओवली, कोमट पाण्यातून काढला, वाळवला. पोटरीवर तीन रांगा, प्रत्येकीत चार पक्षी. लेक आली, मोजा हातात फिरवला. किटली म्हटलं नाही. बोटाने एकेक मोजत गेली आणि म्हणाली, "आई, हा आंधळा आहे."

दुसऱ्या रांगेतला तिसरा. डोळ्याचा एकुलता एक पांढरा टाका मी निळाच विणून गेले होते. बारा पक्षी, अकरा डोळे. सुईत पांढरा धागा ओवून त्या टाक्यावरून टाका भरला की दोन मिनिटांचं काम. तसं मी म्हटलंही, पण तिने मोजा पाठीमागे लपवला.

आता दुसरा मोजा चालू आहे. पहिल्या मोज्यात मी मालकीण होते, दुसऱ्यात स्वतःचीच नोकर आहे, आणि मालकीण मोठी गबाळी. वहीत एका ठिकाणी नुसतं लिहिलंय, "इथे मागच्यासारखं." कुठल्या मागच्यासारखं? टाचेच्या हिशेबाशेजारी "दोन कमी" आहे आणि त्याखाली "नको, राहू दे". शेवटी वही मिटून पहिला मोजाच मांडीवर घेतला आणि टाके मोजत बसले.

आज दुसऱ्या रांगेपर्यंत आले. आंधळ्या पक्ष्याच्या बरोबर समोर या मोज्यावर जो पक्षी येणार आहे, त्याला लेकीने दोन डोळे मागितले आहेत. म्हणजे चोवीस पक्षी आणि चोवीस डोळे, हिशेब जुळेल, असं तिचं म्हणणं. डोक्याला रुंदीत पाचच घरं आहेत, त्यांतलं एक चोचीने खाल्लंय. सकाळपासून वही उलटी धरून, खोडरबर घेऊन बसले आहे.