सदुसष्ट

फोनवरच्या कॅल्क्युलेटरने आज दुपारी माझा अपमान केला. १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ एवढंच विचारलं होतं. त्याने सुरुवातीचे काही अंक दाखवले, शेवटी ‘ई’ आणि २० चिकटवलं आणि मधलं सगळं गिळून टाकलं. मला मोठ्या संख्येची शेपटी बघायची असते. तोंड काय, कुणीही दाखवतं.

मग काय, वहीचं पान आडवं धरलं आणि पेन्सिल घेतली.

या गुणाकाराची गोष्ट मला फार आवडते. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्रीबाबांनी १६४४ मध्ये एक यादी दिली होती: २ चे अमुक अमुक घात घ्या, त्यातून १ वजा करा, मूळ संख्या मिळेल. त्या यादीत ६७ होता. पुढे १८७६ मध्ये ल्युका नावाच्या गणितीने दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, तिला अवयव आहेत. कोणते, ते मात्र त्यालाही मिळाले नाहीत. (घरात उंदीर आहे हे नक्की, दिसत मात्र नाही, तसं.) १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणित्यांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेला. एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १ करून दाखवला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार मांडला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणतात की तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला आणि टाळ्या पडल्या. किती वेळ लागला, असं विचारल्यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ म्हणाला, असंही सांगतात. खरं असो नसो, मला पटतं.

मी एकं, दहं, शतं करत मोजायला लागले. परार्ध अठराव्या जागेवर येतो आणि तिथे आपली नावं संपतात. इथे अंक एकवीस. उरलेले तीन बिननावाचे.

गुणाकार मात्र वाटला तेवढा अवघड नव्हता. १९३७०७७२१ मध्ये ७ तीनदा येतो, म्हणजे ५३३२८६७८०१००९ एकदा काढायचं आणि आणखी दोनदा उतरवायचं. १ ने गुणायला काही लागत नाही, शून्याची ओळ फुकट. खरी मेहनत ९, ३, ७ आणि २ चीच. कोलचे सगळे रविवार हे दोन आकडे शोधण्यात गेले, गुणण्यात नव्हे.

लहानपणी बाबा संख्या सांगायचे आणि मी लिहायची. ‘सदुसष्ट’ म्हटलं की माझ्या हातून ७६ पडायचे. सात आधी ऐकू येतो ना! बाबा म्हणायचे, नवाचा ताळा घेऊन बघ, अंकांची बेरीज जुळते का ते. मी घ्यायची, तो बरोबर यायचा, आणि तरी उत्तर चुकलेलं. ६७ काय, ७६ काय, बेरीज तेराच. ताळ्याने मला कधी पकडलंच नाही, बाबांनी पकडलं. मर्सेनच्या यादीतही मुळात ६१ असावा, उतरवताना ६७ झाला असावा, असा काही जणांचा अंदाज आहे. ६१ खरंच चालतो, ते १८८३ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे इतक्या वर्षांची धावपळ कदाचित नकलेतल्या एका आकड्यापायी. मला पाद्रीबाबा एकदम घरचे वाटायला लागले.

असो. बेरीज संपली, ताळा घेतला. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, दुसरीची ६४. दोन्ही दहावरून एकावर येतात. माझ्या उत्तराची १०९, म्हणजे पुन्हा दहा, पुन्हा एक. एके एक एक. खूश होऊन कोलच्या उत्तराशी एकेक अंक जुळवत गेले, तर त्याच्याकडे मध्ये ९६७६ आणि माझ्याकडे ९७६६.

बेरीज करताना नव्हे, खाली नीट उतरवताना.

कागद चुरगळणार होते. मग म्हटलं, राहू दे. ताळा तर जमलाय.