आठवडे बाजारातले चेहरे

घरातलं माणूस गेलं की लोक माझ्या स्टुडिओत आधार कार्ड नाहीतर लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. "ताई, यातला एवढा चेहरा मोठा करून द्या, गंधमुक्तीच्या पत्रिकेला लागतो." करंगळीच्या नखाएवढा चेहरा, त्यावर पुढच्याच्या फेट्याची सावली. कितीही मोठा केला तरी डोळ्यांच्या जागी ठिपकेच उरतात. सत्तरी गाठलेल्या माणसाचा घरात एक धड फोटो नसावा, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी चाळीसगावच्या आठवडे बाजारात कॅमेरा घेऊन फिरते आणि ओळखपाळख नसलेल्यांचे फोटो काढते.

लांबून झूम करून, चोरून काढलेला फोटो मला आवडत नाही. माझ्याकडे पन्नास एमएमची लेन्स आहे, चेहरा हवा तर जवळ जावंच लागतं. आधी पावशेर मिरची घ्यायची, भाव विचारायचा, शेजारी टेकायचं, मग अहिराणीत विचारायचं. पहिलं उत्तर ठरलेलं, "मना कसाले? त्या पोरीस्ना काढ." तरण्या बायका वेगळंच विचारतात, "मोबाइलवर टाकशी का?" नाही टाकणार, असा शब्द देते. म्हणूनच इथे एकही फोटो दिसणार नाही.

बाजारात खरी अडचण उजेडाची. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा येतो, पिवळीखाली कावीळ झाल्यासारखा. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. नंतर कॉम्प्युटरवर रंग सुधारायला गेलं की लुगड्याचा रंग बिघडतो. मग मी त्यांना ताडपत्रीच्या कडेला, पण सावलीतच, बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवते. समोर पांढऱ्या पोत्यांची थप्पी असली तर फारच छान. तिच्यावर पडलेलं ऊन परतून हनुवटीखाली येतं आणि खोल गेलेले डोळे उजळतात. दुपारी बारानंतर मात्र मी कॅमेरा पिशवीत ठेवते.

आणि एक. मी कुणालाही गोरं करत नाही. स्टुडिओत रोज मागणी असते, "थोडा उजळ करा". मोबाइल तर न विचारताच सुरकुत्या पुसतो. उन्हात रापलेली कातडी, कपाळावरचं हिरवं गोंदण, विडीने काळे पडलेले ओठ हे सगळं त्या माणसाचं आहे. ते पुसायचा हक्क मला कुणी दिला?

आमच्या गावात स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस राहायचे. कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ न पडता त्यांनी टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून आख्खी दृश्यं उभी केली. १९८९च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, आलात तर जरूर बघा. तिथली छायाचित्रं बघताना वस्तूवर उजेड कुठून घ्यायचा हे मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्याच व्हिडिओतून कळलं नाही. माझी माणसं तेवढी टेबलावर मांडता येत नाहीत, ती मधेच गिऱ्हाइकाशी भांडायला उठतात.

पुढच्या बाजारी पोस्टकार्ड साइजची प्रिंट नेऊन देते. पैसे घेत नाही. फोटो काढून परत तोंड न दाखवणारे पुष्कळ असतात, त्यामुळे प्रिंट हातात पडली की लोक आधी माझ्याकडेच बघत राहतात.

लसूण विकणाऱ्या एका आजींना गेल्या बाजारी प्रिंट दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, शेजारणीला दाखवली. डोळे, गोंदण, नाकातली फुली, सगळं त्यांना पटलं. मग म्हणाल्या, "मना तराजू कोठे शे?"

तराजू फ्रेमबाहेर राहिला होता. सासूच्या हातचा लोखंडी तराजू, दांडीला तारेची जोड दिलेला. सुरतेच्या लेकीला फोटो पाठवायचा तर त्यात तराजू हवाच, असं त्यांचं म्हणणं. या बाजारी तराजू घासून आणणार आहेत. मी म्हटलं, माय, घासू नको, आहे तसाच आण.