नकाशात नसलेले लूप

पाटण तालुक्यातील एका डोंगराळ गावाच्या ग्रामपंचायतीचे नेट पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडले, तेव्हा रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने केबल तोडली असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. फायबरच्या देखभालीचे काम माझ्याकडे असल्याने मी ग्रामपंचायतीतच ओटीडीआर लावला. हे यंत्र काचेच्या तंतूत प्रकाश सोडते आणि परतणाऱ्या प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून बिघाडाचे अंतर सांगते. जेसीबीची जागा सुमारे तीन किलोमीटरवर होती. यंत्र मात्र 4.2 किलोमीटर दाखवत होते. त्यामुळे जेसीबीवरचा आळ तिथेच मिटला.

नकाशाप्रमाणे 4.2 किलोमीटरवर एक मोरी येत होती, पण तिच्या आसपास कुदळ लागल्याची एकही खूण नव्हती. केबल टाकली तेव्हा मजुरांबरोबर हिंडलेले ग्रामपंचायतीचे शिपाई सोबत होते. ते म्हणाले, "साहेब, शाळेपाशी आन् ओढ्याच्या वळणाला केबल गोल गुंडाळून पुरलीया." जोडकामासाठी असे जादा लूप ठेवावेच लागतात, शिवाय केबलच्या आत तंतू पिळाने जात असल्याने त्याची लांबी जमिनीवरील अंतरापेक्षा थोडी जास्तच भरते. नकाशात या लूपची नोंदच नव्हती. हिशेब करून आम्ही सुमारे दीडशे मीटर मागे आलो, तर तिथे नळपाण्याच्या वाहिनीची नुकतीच बुजवलेली चारी दिसली. साध्या जमिनीत 1.65 मीटर खोल जायला हवी असलेली आमच्या केबलची नळी खडकामुळे तिथे बरीच वर राहिली होती आणि त्या खोदकामातच केबल तुटली होती.

2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याचे ठरले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या राज्य सरकारच्या प्रकल्पाने घेतले. किती किलोमीटर केबल पडली याची चर्चा होते, पण ती नेमकी कुठून आणि किती खोल गेली याची नोंद मला तितकीच मोलाची वाटते. खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवता यावे म्हणून मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आले, ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र मालकाकडचा नकाशाच अपुरा असेल तर तो खोदणाऱ्याला काय सांगणार?

ताडपत्रीखाली बसून निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या क्रमाने एकेक कोअर, म्हणजे रंगीत वेष्टनाचा तंतू, सोलून, स्पिरिटने पुसून, काटकोनात कापून मशीनवर जोडला. तंतूची काच अवघी 125 मायक्रॉन जाडीची असल्याने धुळीचा एक कणही जोड बिघडवतो. प्रत्येक जोडाचा लॉस, म्हणजे जोडात होणारी प्रकाशाची घट, 0.1 डीबीच्या आत आल्यावरच जोड सांभाळणारी पेटी, म्हणजे क्लोजर, बंद केला. ग्रामपंचायतीत पॉवर मीटरने उणे 21 डीबीएम, म्हणजे नेट चालायला पुरेसा प्रकाश, दाखवले आणि दाखल्यांसाठी ताटकळलेल्या लोकांचे काम सुरू झाले.

निघण्यापूर्वी शिपाईमामांना घेऊन दोन्ही लूपच्या आणि नव्या जोडाच्या जागांचे अक्षांश-रेखांश व खोली नकाशावर नोंदवली. त्याची एक प्रत नळयोजनेच्या मुकादमालाही दिली, कारण त्यांची चारी पुढे आमच्याच केबलच्या कडेने शाळेपर्यंत जायची होती.