थकलोय, लायकही नाही, मग बोलावलं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न प्रत्येकाचा वेगळ्या शब्दांत येतो पण आत एकच असतं, "ताई, सेवा करून करून मी थकलोय, आणि खरं सांगू का, मी या कामाच्या लायकच नाही असं वाटतं, देवाने नक्की मलाच बोलावलं होतं ना?" विचारणारे म्हणाल तर पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, असतात, पाळकांच्या बायका असतात, संडे स्कूलच्या टीचर, वर्शिप टीममधली मुलं, घरात आजारी माणसाचं सगळं करून परत मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांची प्रार्थना घेणाऱ्या. आणि जवळजवळ सगळेच हळू आवाजात विचारतात, जसं काही असं विचारणं हेच अविश्वासाचं लक्षण आहे.

तर आधी हे, की ही दोन वेगळी दुखणी आहेत. थकवा वेगळा आणि "मी कमी पडते" हे वेगळं. आपण दोन्हींची गाठ मारतो, मी एवढी थकले म्हणजे माझं पाचारण, देवाचं ते बोलावणं, खरं नव्हतंच. थकलेल्या माणसाने स्वतःबद्दल दिलेला निकाल धरायचा नसतो, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचाही देवाने धरला नाही.

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचा, पण सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एलीयाच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, बाअल दैवताच्या संदेष्ट्यांवर केवढा विजय, आणि लगेच पुढे ईजबेल राणीची एक धमकी आली आणि हा माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबाला पोचल्यावर त्याने आपल्या चाकराला तिथेच ठेवलं आणि एकटा रानात गेला, एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. आता देवाने काय केलं बघा. उपदेश नाही, "कर्मेल विसरलास का" नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि परत झोपला, आणि देवाने परत झोपू दिलं, पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं, कारण वाट तुला झेपणार नाही असं देवदूतच म्हणाला. तू इथे काय करतोस हा प्रश्न देवाने विचारला तो नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

म्हणून थकलेल्या माणसाला जेव्हा कोणी सांगतं की प्रार्थना कमी पडतेय, अजून एक उपास धर, तेव्हा मला ते अजिबात पटत नाही. प्रार्थना हवीच, पण ज्याची रात्रीची झोप होत नाही त्याला अजून एक जागरणाची सभा लावून देणं हे या अध्यायात कुठेच बसत नाही. येशूनेसुद्धा शिष्य सेवेवरून परत आले, लोकांची एवढी ये-जा की त्यांना जेवायला सवड नव्हती, तेव्हा त्यांना म्हटलं की चला एकांतात, थोडा विसावा घ्या. गर्दी पुढे जाऊन तिथे पोचलीच हा भाग वेगळा, पण विसावा घ्या हे प्रभू स्वतःहून म्हणाला, शिष्यांना मागावं लागलं नाही.

एलीयाचं अजून एक वाक्य मला नेहमी अडवतं. "मीच एकटा उरलोय." तो ते दोनदा म्हणतो, जवळजवळ त्याच शब्दांत. चाकराला मागे ठेवून आलेला माणूस म्हणतोय एकटा उरलोय! आणि देव सांगतो, बाअलापुढे गुडघे न टेकलेले 7,000 आहेत, आणि जा, तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर. इस्राएल लोकांना मिसरमधून बाहेर काढणाऱ्या मोशेचंही तेच, गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात तोही म्हणतो हा भार मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, आणि देव रागवत नाही, लोकांतले 70 वडीलधारे जमव म्हणतो. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तर आधीच सांगितलं होतं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसशील तर तूही झिजशील आणि लोकही. खूपदा आपला थकवा हा विश्वासाचा प्रश्न नसतोच, दहा जणांचं काम एक जण ओढतोय एवढंच असतं.

आता दुसरं दुखणं, लायकी. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. "नाही नाही, तुम्ही खूप छान करता" असं मी म्हणू शकते पण ते शनिवार रात्रीपर्यंतच टिकतं. शनिवारी रात्री साडेदहाला टेबलावर उघडं बायबल, अर्धवट नोट्स, खोडलेल्या ओळी, सकाळी लहान मुलांसमोर उभं राहायचंय आणि आत अगदी कोरडं, हे मला चांगलं माहीत आहे, आणि त्या वेळी कोणाची स्तुती आठवून काही होत नाही. मला तेव्हा निर्गम 3 चा उपयोग झाला. मोशे विचारतो, मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जाणारा मी कोण? आपल्याला वाटतं देव आता त्याचे गुण सांगेल, तू राजवाड्यात वाढलास, तुला मिसरी रीतभात माहीत आहे. देव त्यातलं काही म्हणत नाही. म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. इस्राएलला शत्रूपासून सोडवायला देवाने पाठवलेला गिदोन म्हणतो माझं कूळ मनश्शे वंशात सगळ्यात दुबळं आणि घरात मी सगळ्यात लहान, देव ते खोडत नाही, परत तेच, मी तुझ्याबरोबर असेन. यिर्मया संदेष्टा म्हणतो मला बोलता येत नाही, मी लहान आहे, त्यालाही शेवटी तेच. यांच्यापैकी कोणालाही देवाने "तू पुरेसा आहेस" असं सांगितलेलं नाही. म्हणजे "मी पुरी पडत नाही" हे तुम्हाला जाणवतंय ते चूक नाहीये, फक्त त्यावरून पाचारण खोटं ठरत नाही.

प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारं एक दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." हे वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो पण ते एका नाकारलेल्या विनंतीचं उत्तर आहे हे विसरतो.

आणि पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य! त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पोटाचं दुखणं, वारंवार आजारपण, वय कमी, आणि पौल करिंथच्या मंडळीला मुद्दाम लिहितो की तीमथ्य आला तर तो तुमच्यात निर्भयपणे राहील असं बघा. बिचारा घाबरत असणार म्हणूनच ना. पण पाठवलं त्यालाच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल तर घरच्या कोणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी होत नाही. इंग्लंडचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1856 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी "आग" म्हणून खोटंच ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, तेव्हा ते फक्त 22 वर्षांचे होते. त्याचा घाव खोल गेला आणि निराशेचे काळ त्यांच्या आयुष्यात पुढेही येत राहिले. सेवेची तयारी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांशी ते याबद्दल उघड बोलायचे, लपवायचे नाहीत.

मग सेवा सोडू का, हा शेवटचा प्रश्न. कधीकधी एखादं काम सोडायचंच असतं, सगळी कामं तुम्हाला देवानेच दिली असं नाही, काही फक्त "दुसरं कोणी नव्हतं" म्हणून गळ्यात पडलेली असतात. पण तो निर्णय आत्ता, या अवस्थेत घेऊ नका, आधी झोपा, जेवा, काही दिवस जाऊ द्या. आणि मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यांकडे किंवा जवळच्या बहिणीकडे जाल तेव्हा "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणून परत येऊ नका. नेमकं मागा, पुढचे तीन महिने रविवारचा वर्ग कोणीतरी घ्या, किंवा बुधवारच्या भेटींना माझ्याबरोबर चला. पहिला माणूस नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा.