ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाटला संध्याकाळनंतर पोहोचणार असाल तर

बुकिंग करणाऱ्याने ठामपणे सांगितलं होतं, "हॉलश्टाट स्टेशनला उतरा, हॉटेल समोरच आहे." समोर आहे, पण मध्ये अख्खं तळं! 1877 ची रेल्वे पूर्व काठाने जाते आणि गाव पश्चिम काठावर डोंगराला चिकटलेलं. पलीकडे नेणारी लाँच गाडीच्या वेळा धरून सुटते, मात्र संध्याकाळनंतर बंद.

आमची गाडी उशिराची. थांब्यावर ना दुकान, ना टॅक्सी, ना माणूस. मग तळ्याकाठच्या झाडीतल्या वाटेने शेजारचं ओबरट्राउन गाव गाठलं आणि तिथून दक्षिणेचा वळसा घालून गाव. पाठीवर भरलेली सॅक, पायाखाली ओली मुळं, उजेड फक्त हेडटॉर्चचा. दिवसा ही वाट सोपी आहे. रात्री सामानासकट अजिबात करू नका. गाडी उशिराची असेल तर हॉलश्टाटला उतरूच नका. पुढच्या ओबरट्राउनला उतरा आणि टॅक्सी आधीच सांगून ठेवा. लाँचचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तेव्हा सुटे युरो जवळ असू द्या.

दुसऱ्या दिवशी कळलं की गावापर्यंत रस्ताच मुळात 1890 च्या सुमारास आला. त्याआधी होडी नाहीतर पायवाट. इथल्या खाणीतलं मिठाचं पाणी मात्र 1607 पासून सुमारे 13,000 खोडं पोखरून केलेल्या नळातून 40 किलोमीटरवरच्या एबेनझेला जात होतं.

पाय दुखत असले तरी मिठाची खाण चुकवू नका. आत इ.स.पू. 1344 मध्ये तोडलेल्या लाकडाचा जिना आहे, मिठामुळे टिकलेला. तो पाहिला आणि रात्रीचा सगळा राग उतरला! वर जाणारी केबल रेल्वे चालू आहे का ते निघण्याआधी तपासा, नाहीतर नागमोडी चढ पायी. याच उंचावरच्या खोऱ्यात 1846 पासून खाणीतले अधिकारी राम्साउअर यांनी जवळपास हजार कबरी उकरल्या, म्हणून युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला या गावाचं नाव मिळालं.

स्कायवॉकसाठी (गावावर डोकावणारा उंचावरचा सज्जा) वेगळी खटपट नको, खाणीच्या वाटेवरच लागतो. चर्चमागचं अस्थिगृह छोटं आहे, पण जाच. दफनभूमीला जागा कमी, म्हणून जुनी हाडं काढून इथे ठेवत. 1,200 कवट्यांपैकी सहाशेहून अधिक कवट्यांवर फुलं-पानं रंगवली आहेत, नावंही लिहिली आहेत.

साल्झबुर्गहून येणारी धावती एकदिवसीय सहल घेऊ नका. भर दुपारी बाजारचौकात बसगाड्यांची गर्दी उसळते आणि खाण बघायला वेळच उरत नाही. गावात खोली महाग वाटली तर ओबरट्राउनला राहा आणि सकाळी लवकर बसने या.