रिपोर्टमध्ये ‘ल्युपस’ लिहिलेलं नसतं

ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, सांधे धरतो, त्वचा धरतो, किडनी धरतो, हे मला माहीत होतं. मेंदूलाही सोडत नाही हे फिट आल्यावर कळलं. त्याआधी बोलता बोलता साधे शब्द आठवेनासे झाले होते, पण ते मी झोपेच्या खात्यावर टाकलं होतं.

एमआरआयच्या आधी किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं. फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर पडतं आणि ल्युपसवाल्यांच्या किडनीचा काही भरवसा नसतो. मशीनमध्ये नुसती ठोकाठोक, दुखत काही नाही.

रिपोर्ट आला: मेंदूच्या पांढऱ्या भागात फ्लेअरवर (एमआरआयमधल्या एका प्रकारच्या फोटोवर) बारीक चमकदार ठिपके, विशिष्ट निदान सांगता येत नाही. अख्ख्या रिपोर्टमध्ये ल्युपस हा शब्द नाही! न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, असे ठिपके मायग्रेनमध्ये दिसतात, जुन्या बीपीत दिसतात, वयानंही येतात. उलट त्रास उघड दिसत असताना एमआरआय नॉर्मल येणारे रुग्णही पुष्कळ असतात. मग फोटो काढायचा कशाला, असं मी विचारलंच.

तर दुसरं काही नाही ना, हे बघायला. डिफ्युजन या एमआरआयमधल्याच दुसऱ्या प्रकारच्या फोटोत ताजा स्ट्रोक नव्हता. बीपी एकदम चढलं की मेंदूच्या मागच्या भागात सूज येते, तीही नव्हती. मग पाठीतलं पाणी काढलं. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना मेंदूत जंतुसंसर्ग असेल आणि वर स्टेरॉइडचा मोठा डोस दिला, तर आगीत तेलच. पाणी स्वच्छ निघालं. गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. त्या असत्या तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांचाही विचार करावा लागला असता. रक्तातली सी३, सी४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं मात्र घसरलेली आणि डीएसडीएनए ही ल्युपसमधली अँटिबॉडी वाढलेली. म्हणजे ल्युपस जोरात होता.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं १९९९ मध्ये ल्युपसमधल्या मेंदू आणि मज्जातंतूंच्या १९ प्रकारच्या त्रासांची यादी केली. फिट त्यात आहे, आणि स्मरणशक्ती, एकाग्रता ढासळणंही आहे. म्हणजे माझे हरवलेले शब्दही हिशेबात धरले गेले.

सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फमाइड, जोडीला फिटची गोळी. शब्द हळूहळू परत आले. पुन्हा एमआरआय केला तेव्हा ठिपके जिथल्या तिथेच होते आणि डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. नवा एकही नव्हता, त्यांना तेवढंच बघायचं होतं. ते दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणून जुनी सीडी दर वेळी सोबत आणायला सांगितली आहे.